वाड्यापलीकडचे आगाखान

मराठवाड्यातल्या शाळेची सहल पुण्याला निघाली की शनिवारवाडा आणि सिंहगड यांच्या जोडीला आणखी एक ठिकाण ठरलेले असते. ते म्हणजे येरवड्याचा आगाखान पॅलेस. हिंगोली-परभणीकडची मुले रांग धरून त्या कमानींखालून फिरतात. गांधीजींची खोली पाहतात आणि मागच्या बाजूला कस्तुरबा व महादेवभाई देसाई यांच्या समाधींसमोर हात जोडतात. ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात गांधीजी येथे स्थानबद्ध होते. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी याच वास्तूत गेल्या, हे गुरुजी सांगतात. मुले वहीत टिपून घेतात.

पण एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे आगाखान कोण? ते राजे नव्हते, नबाब नव्हते, इंग्रजांचे अधिकारीही नव्हते. मग पुण्याच्या वेशीवर एवढा वाडा बांधण्याइतके त्यांचे ऐश्वर्य आले कोठून?

उत्तर मोठे रंजक आहे. आगाखान हे मुसलमानांमधील इस्माइली पंथाचे धर्मगुरू. त्यांच्याकडे राज्य नव्हते आणि सैन्यही नव्हते. होता तो फक्त शब्द आणि त्या शब्दावर विश्वास ठेवणारे लाखो अनुयायी. या एका भांडवलावर आजोबांनी राजकारण केले आणि नातवाने वृत्तपत्रे, रेडिओ, दूरचित्रवाणी उभी केली. धर्मगुरूचा आवाज मशिदी-मंदिराच्या बाहेर पडला की त्याचे काय होते, हा आजचाही प्रश्न आहे. मुंबई-पुण्याशी नाते असलेल्या या घराण्याची कथा त्यासाठी नीट पाहण्यासारखी आहे.

मुंबईची गादी

पहिले आगाखान म्हणजे हसन अली शाह. ते इराणातले सरदार होते, कर्मानचे सुभेदार होते. तेथल्या शहाशी बिनसले आणि १८४० च्या दशकात ते हिंदुस्थानात आले. अखेर मुंबईत स्थिरावले. इकडे त्यांचे अनुयायी आधीपासूनच होते. कच्छ, काठेवाड, सिंध या भागांतील व्यापारी खोजा समाज त्यांना आपला इमाम मानीत असे आणि मिळकतीतला हिस्सा त्यांच्या चरणी वाहत असे.

या खोजांची उपासना आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही. त्यांच्या जमातखान्यांत 'गिनान' गायली जातात. ज्ञान या शब्दाचेच हे रूप. जुन्या पीरांनी गुजराती, सिंधी, हिंदी अशा लोकभाषांत रचलेली ही पदे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव चौदाव्या शतकात कीर्तन करीत थेट पंजाबापर्यंत गेले. साधारण त्याच शतकांत हे पीर सिंध-गुजरातेत गात फिरत होते. छापखाना नव्हता, ध्वनिक्षेपक नव्हता. गळा आणि पाय हीच प्रसाराची साधने होती. पद कानावर पडले, तोंडी बसले आणि पुढच्या गावाला गेले.

गिनानाच्या बरोबरीने दुसरे साधन म्हणजे 'फर्मान'. इमामाने अनुयायांना केलेला उपदेश किंवा दिलेला आदेश. तो देशोदेशीच्या जमातखान्यांतून वाचून दाखविला जातो. प्रत्यक्ष इमाम हजारो कोस दूर असला तरी त्याचे म्हणणे झांझिबारच्या दुकानदाराला आणि मुंबईच्या भेंडीबाजारातल्या विधवेला सारखेच पोहोचावे, अशी ही योजना. एका अर्थाने हे रेडिओच्या आधीचे प्रसारणच म्हणायचे!

सगळ्याच खोजांना हा अधिकार मान्य होता असे मात्र नव्हे. काहींनी समाजाची मालमत्ता आणि इमामाचा हक्क यांवरून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी १८६६ मध्ये आगाखानांच्या बाजूने निकाल दिला. इराणातून परागंदा झालेल्या एका धर्मगुरूची गादी अशी मुंबईच्या कोर्टात पक्की झाली. हसन अली शाह १८८१ मध्ये वारले. माझगावच्या हसनाबादेत त्यांची कबर आहे. त्यांचे पुत्र अली शाह दुसरे आगाखान झाले, पण चारच वर्षांत, १८८५ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले. गादीवर आला तो अवघ्या सात वर्षांचा मुलगा, सुलतान महंमद शाह.

दंडावरची सुई

तिसऱ्या आगाखानांचे बालपण मुंबई-पुण्यात गेले. त्यांची आई, जिला लेडी अली शाह म्हणून ओळखत, मोठी करारी बाई होती. मुलाच्या अज्ञानपणात तिने कारभार सांभाळला, पैसा राखला, शिक्षणाकडे लक्ष दिले. अरबी-फारसीबरोबर इंग्रजी शिकविणारे शिक्षक घरी येत. येरवड्याचा वाडा १८९२ मध्ये उभा राहिला. आसपासच्या गावांतील दुष्काळाने गांजलेल्यांना काम मिळावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

या तरुण धर्मगुरूची पहिली खरी कसोटी लागली ती प्लेगात. १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळू लागले. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पण लोक टोचून घ्यायला तयार होईनात. सुईतून विष घालतात, धर्म बाटवितात, अशा कंड्या पिकल्या होत्या.

पुण्यात त्याच सुमारास काय चालले होते, हे मराठी माणसाला सांगायला नको. रँडसाहेबांचे सोजीर घरात घुसून देवघरे, माजघरे तपासत होते. रोग्याबरोबर निरोग्यालाही ओढून नेत होते. हेतू रोग हटविण्याचा असेल, पण मार्ग जबरदस्तीचा होता. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंच्या गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला.

मुंबईत वीस वर्षांच्या आगाखानांनी वेगळा मार्ग धरला. प्रयोगशाळेसाठी आपला माझगावचा 'खुश्रू लॉज' हा बंगला हाफकिन यांना वापरायला दिला. शिवाय चारचौघांदेखत स्वतःला लस टोचून घेतली आणि ही गोष्ट अनुयायांच्या कानांवर जाईल अशी व्यवस्था केली. इमामाने टोचून घेतली आणि त्याला काही झाले नाही, ही बातमी मोहल्ल्यामोहल्ल्यांत पसरली. खोजा समाज मोठ्या संख्येने लसीसाठी पुढे आला. हीच प्रयोगशाळा पुढे परळला गेली आणि १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

सरकारजवळ शिपाई होते, कायदा होता, पण लोकांचा विश्वास नव्हता. या तरुणाजवळ तोच होता. धर्मगुरूचा शब्द किती जीव वाचवू शकतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण क्वचित सापडेल. तोच शब्द राजकारणात उतरला तेव्हा मात्र हिशोब इतका सरळ राहिला नाही.

सिमल्याचे शिष्टमंडळ

१९०२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, आगाखान व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नेमले गेले. तेथे त्यांचा गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी स्नेह जडला. प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळाले पाहिजे, या मताने दोघे एकत्र आले. मुलींच्या शिक्षणाविषयी आगाखान आपल्या अनुयायांना सांगत असत, की दोन मुले असतील आणि एकालाच शिकविण्याची ऐपत असेल, तर मुलीला शिकवा. शंभर वर्षांपूर्वी एका धर्मपीठावरून हा उपदेश होत होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. अलीगढच्या कॉलेजचे विद्यापीठ व्हावे म्हणून तर ते झोळी घेऊन देशभर फिरले.

परंतु १ ऑक्टोबर १९०६ रोजी याच आगाखानांच्या नेतृत्वाखाली मुसलमान पुढाऱ्यांचे एक शिष्टमंडळ सिमल्यास व्हाइसरॉय मिंटो यांना भेटले. मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, ही त्यांची प्रमुख मागणी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली आणि आगाखान तिचे अध्यक्ष झाले. १९०९ च्या सुधारणांत स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. मुसलमान उमेदवाराला मुसलमानांनीच मत द्यायचे, म्हणजे त्याला शेजारच्या हिंदूची मनधरणी करायची गरजच उरली नाही. हिंदू उमेदवारालाही मुसलमानाच्या दारी जायचे कारण उरले नाही. पुढच्या चाळीस वर्षांत या एका तरतुदीतून काय काय निपजले, हा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे.

हे शिष्टमंडळ खरोखर समाजाच्या तळमळीतून निघाले होते की इंग्रजांच्या इशाऱ्यावरून, यावर खूप वाद झाला. पुढे मौलाना महंमद अली यांनीच, १९२३ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून बोलताना, तो वरच्या हुकमाने झालेला खेळ होता अशा अर्थाचा शेरा मारला. आणखी गंमत म्हणजे, त्या वेळी या मागणीला कडवा विरोध करणारे एक तरुण बॅरिस्टर मुंबईत होते. त्यांचे नाव महंमद अली जीना. जन्माने तेही खोजाच. आगाखानांनी आपल्या आत्मचरित्रात जीनांच्या त्या विरोधाची आवर्जून नोंद केली आहे.

आगाखानांना केवळ फुटीचे राजकारणी ठरविणेही न्यायाचे होणार नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले मृत्युशय्येवर होते. युद्धानंतर हिंदुस्थानला कोणते अधिकार द्यावेत याचा एक मसुदा त्यांनी अखेरच्या दिवसांत लिहून काढला. गोखल्यांचे राजकीय मृत्युपत्र म्हणून तो प्रसिद्ध आहे. प्रांतांना स्वायत्तता द्यावी, असा त्याचा गाभा होता. हा मसुदा ज्या थोड्यांच्या हाती त्यांनी विश्वासाने सोपविला त्यांत आगाखान होते, आणि १९१७ मध्ये त्यांनीच तो प्रसिद्धीस दिला. पुण्याच्या ब्राह्मण नेत्याची शेवटची राजकीय इच्छा मुस्लिम लीगच्या माजी अध्यक्षाने जगापुढे मांडावी, असाही तो काळ होता.

एका पत्राची गोष्ट

छापलेल्या शब्दाची ताकद किती आणि तो हातून सुटला की काय होते, याचा धडा आगाखानांना मिळाला तो तुर्कस्तानात.

पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानात केमाल पाशांचे सरकार आले. सुलतानपद गेले, पण खलिफा हे पद नावापुरते राहिले होते. हिंदुस्थानातील मुसलमान खलिफाच्या भवितव्याने अस्वस्थ होते. आपल्याकडे गांधीजींनीही खिलाफतीचा प्रश्न उचलून धरला होता, हे वाचकांना आठवत असेलच. नोव्हेंबर १९२३ मध्ये आगाखान आणि सय्यद अमीर अली या दोघांनी लंडनहून तुर्की पंतप्रधान इस्मत पाशांना एक पत्र लिहिले. खलिफाचा मान राखावा, अशी सभ्य शब्दांतली विनंती त्यात होती. हे दोघेही शिया. सुन्नींच्या खलिफाशी त्यांच्या पंथाचा तसा संबंध नव्हता.

पत्राच्या प्रती इस्तंबूलच्या वृत्तपत्रांकडेही गेल्या. सरकारच्या हाती मूळ पत्र पडण्याआधीच ते छापून आले. अंकाराच्या नव्या राज्यकर्त्यांनी याचा अर्थ असा लावला की इंग्रजांच्या मर्जीतले परके लोक आमच्या घरात ढवळाढवळ करीत आहेत. संपादकांवर खटले भरले गेले. आणि ३ मार्च १९२४ रोजी खलिफापदच रद्द झाले! ते वाचविण्यासाठी लिहिलेले पत्र ते घालविण्याचे एक निमित्त ठरले.

या घटनेचे पडसाद आपल्या मराठवाड्यापर्यंत उमटले. पदच्युत खलिफा अब्दुल मजीद कुटुंबासह युरोपात निर्वासित झाले. हैदराबादच्या निजामाने त्यांना दरमहा ३०० पौंडांचे वर्षासन बांधून दिले. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि सारा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. म्हणजे आपल्या पूर्वजांनी भरलेल्या शेतसाऱ्यातूनच ती तिजोरी भरत होती. पुढे १९३१ मध्ये खलिफांच्या कन्या दुर्रुशेहवार निजामाच्या थोरल्या चिरंजीवांना दिल्या गेल्या. खलिफांसाठी खुलदाबादेत एक कबर बांधून ठेवली होती. पण १९४४ मध्ये ते पॅरिसला वारले आणि त्यांचे दफन अखेर मदिनेला झाले. खुलदाबादची ती वास्तू रिकामीच राहिली.

सोन्याचा तराजू आणि बंद वाडा

पुढच्या काळात तिसरे आगाखान खऱ्या अर्थाने जगाचे नागरिक झाले. लंडनच्या गोलमेज परिषदांत त्यांनी मुसलमान प्रतिनिधींचे नेतृत्व केले. १९३७ मध्ये जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. दुसरीकडे त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची प्रतिष्ठेची डर्बी शर्यत पाच वेळा जिंकली. धर्मगुरू आणि घोड्यांच्या शर्यती, हे कोडे अनेकांना उलगडत नसे. त्यांच्या अनुयायांना मात्र त्यात काही वावगे वाटत नसे.

इमामतीला पन्नास वर्षे झाली म्हणून १९३६ मध्ये मुंबईच्या हसनाबादेत त्यांची सोन्याने तुला झाली. साठ वर्षे झाली तेव्हा, मार्च १९४६ मध्ये, ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी तुला झाली. चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी बातमीपट दाखवीत त्या काळची ही गोष्ट. तराजूत बसलेल्या स्थूल आगाखानांची ती दृश्ये जगभर दाखविली गेली. पाहणारे थक्क झाले, काही हसलेही. पण तराजूतून उतरलेले धन कोठे गेले, हे बातमीपटात कोठून दिसणार? त्यातून पूर्व आफ्रिकेत विमा कंपनी निघाली, घरबांधणीला व व्यापाराला कर्ज देणारी संस्था निघाली, शाळा-दवाखाने निघाले. भाविकांनी वाहिलेले सोने भाविकांच्याच उपयोगी पडावे, ही दृष्टी होती.

या दोन तुलांच्या मधल्या काळात येरवड्याचा वाडा सरकारने तुरुंग म्हणून वापरला. स्वतः आगाखान त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये होते. इकडे त्यांच्या वाड्यात देशाचा सर्वांत प्रभावी आवाज बंद करून ठेवला होता. गांधीजींचे भाषण नाही, 'हरिजन'चा अंक नाही. आणि नेमके त्याच ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत उषा मेहता व त्यांच्या तरुण साथीदारांनी काँग्रेसचा गुप्त रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तीन महिने त्यांनी तो चालविला. नोव्हेंबरात पोलिसांनी पकडले तेव्हाच तो थांबला. माणूस कोंडता येतो, आवाज कोंडणे अवघड असते. येरवडा ते मुंबई एवढ्या अंतरात हे दिसून आले.

फाळणीनंतर आगाखानांचे अनुयायी दोन देशांत विभागले गेले. ज्या देशात राहता त्याच्याशी एकनिष्ठ राहा, हाच त्यांचा उपदेश राहिला. १९५७ च्या जुलैत ते वारले. त्यांच्या मृत्युपत्राने सर्वांना चकित केले. दोन्ही मुलांना बाजूला ठेवून त्यांनी नातवाला वारस नेमले होते. जग फार वेगाने बदलले आहे, अणुविज्ञानासारखे शोध लागले आहेत, तेव्हा नव्या युगात वाढलेला तरुणच गादीवर असावा, असे कारण त्यांनी दिले होते.

नातवाने काढलेले वृत्तपत्र

चौथे आगाखान, करीम, तेव्हा वीस वर्षांचे होते आणि हार्वर्डमध्ये शिकत होते. १९५८ मध्ये मुंबईतही त्यांचा गादीसमारंभ झाला. आजोबांची कीर्ती मोठी होती, पण त्यांच्या राजकारणाचे ओझेही होते. नातवाने प्रत्यक्ष राजकारणापासून दूर राहायचे ठरविले. अनुयायी वीस-पंचवीस देशांत विखुरलेले. एका देशात पक्ष घ्यावा तर दुसऱ्या देशातल्या माणसांच्या जिवावर बेतायचे. १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, तेव्हा हजारो इस्माइली कुटुंबे नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. त्यांतल्या अनेकांना कॅनडाने आश्रय दिला, त्यामागे आगाखानांचे प्रयत्न होते.

मात्र राजकारणापासून दूर राहायचे म्हणजे गप्प बसायचे, असे त्यांनी मानले नाही. केनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. तेथले प्रमुख वृत्तपत्र गोऱ्या मळेवाल्यांच्या मतांचे. १९५९ मध्ये करीम आगाखानांनी नैरोबीत 'ताइफा' हे स्वाहिली भाषेतले साप्ताहिक घेतले आणि १९६० मध्ये 'डेली नेशन' हे इंग्रजी दैनिक काढले. सत्ता बहुसंख्य आफ्रिकी लोकांच्या हाती यावी, ही त्या पत्राची भूमिका होती. तीन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये, केनिया स्वतंत्र झाला. गोऱ्यांच्या पत्राला मागे टाकून 'नेशन' देशाचे आघाडीचे दैनिक झाले. संपादकाच्या खुर्चीवर आफ्रिकी माणूस आला आणि पुढे कंपनीचे शेअरही सामान्य केनियन लोकांना खुले झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धर्मगुरूने काढलेले हे पत्र धर्माचे नव्हते. त्यात इस्माइली पंथाचा प्रचार नव्हता, इमामाची फर्माने नव्हती. होत्या त्या केनियाच्या बातम्या, शेतीचे भाव, फुटबॉल, संसदेतली भांडणे. १९९९ मध्ये याच समूहाने नैरोबीत दूरचित्रवाणी वाहिनी आणि रेडिओ सुरू केला. पुढे युगांडातही दैनिक, रेडिओ, दूरचित्रवाणी असा विस्तार झाला.

सत्ताधाऱ्यांशी खटके उडणार हे उघड होते. १९८९ मध्ये केनियाच्या संसदेने 'नेशन'च्या वार्ताहरांना काही महिने सभागृहाचे दार बंद केले. मे २०१३ मध्ये युगांडात पोलिसांनी त्यांच्या 'मॉनिटर' दैनिकाचे कार्यालय व रेडिओ केंद्रे सुमारे दहा दिवस बंद ठेवली. ३० जानेवारी २०१८ रोजी केनियातील विरोधी नेते राइला ओडिंगा यांनी नैरोबीच्या मैदानावर स्वतःच 'जनतेचा अध्यक्ष' म्हणून शपथ घेतली. ते थेट दाखवू नका, असे सरकारने बजावले होते. समूहाच्या एनटीव्हीसह काही वाहिन्यांनी ते दाखवायला घेतले आणि सरकारने त्यांचे प्रक्षेपणच तोडले. न्यायालयाने ते सुरू करण्याचा हुकूम दिला, तरीही पडदे काही दिवस काळेच राहिले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ च्या आरंभी याच समूहाने राष्ट्राध्यक्षांवर कडक अग्रलेख लिहिणाऱ्या एका संपादकाला कामावरून दूर केले. गाजलेल्या व्यंगचित्रकाराचा करारही पुढे चालू ठेवला नाही. सरकारचा दबाव आला आणि मालक नमले, अशी टीका झाली. ज्या देशात शाळा, रुग्णालये, बँका, विमा कंपन्या आहेत त्या देशाच्या सरकारला दुखवायचे तरी किती, हा पेच धर्मगुरू असलेल्या मालकालाही चुकला नाही. राजकारणाला आपण घरात घेतले नाही तरी ते उंबरठ्यावर येऊन बसतेच!

हिशोब

करीम आगाखान ४ फेब्रुवारी २०२५ रोजी लिस्बनमध्ये वारले. त्यांचे पुत्र रहीम पाचवे आगाखान झाले. भारत सरकारने २०१५ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिले होते. दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीचा परिसर पुन्हा देखणा करण्यात त्यांच्या संस्थेचा मोठा वाटा आहे. आणि ज्या येरवड्याच्या वाड्यापासून आपण सुरुवात केली, तो गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्यांनीच राष्ट्राला अर्पण केला.

आजोबा आणि नातू यांच्या आयुष्यांची बेरीज-वजाबाकी मांडायची तर काय दिसते? आजोबांचे स्वतंत्र मतदारसंघ कधीच इतिहासजमा झाले. ज्या लीगचे ते अध्यक्ष होते तिच्या राजकारणाने देशाचे तुकडे पाहिले. खलिफाचे पत्र उलटले. त्या काळी फार मोठ्या वाटणाऱ्या या गोष्टी. राहिले ते मात्र वेगळेच. मुलींना शिकविण्याचा उपदेश, सोन्यातून निघालेल्या संस्था, आणि प्लेगात चारचौघांसमोर पुढे केलेला दंड. नातवानेही पंथाचा झेंडा मिरविणारी वाहिनी काढली नाही. परक्या धर्माच्या, परक्या वंशाच्या वाचकाला रोज सकाळी हवेसे वाटेल असे वृत्तपत्र काढले. त्या पत्राच्या कसोट्या धर्मगुरूच्या नव्हत्या, संपादकाच्या होत्या. त्यांत ते कधी उतरले, कधी कमी पडले.

आपल्याकडे आज कोणत्याही धर्माच्या गुरूला आवाजाची वाण नाही. बटण दाबले की पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रवचने, दर्गे, आरत्या, तकरिरी चालू असतात. हिंगोलीच्या आठवडी बाजारातल्या माणसाच्या खिशातल्या मोबाइलवरही त्या पोहोचतात. निवडणूक जवळ आली की त्यांतले कित्येक आवाज कोणाच्या ना कोणाच्या मंचावरूनही ऐकू येतात. तेव्हा ऐकणाऱ्याने गुरू किती गोड बोलतात आणि किती माणसे जमवितात एवढेच पाहू नये. गावात साथ येईल, अफवा पिकतील, लोक भेदरून जातील, त्या दिवशी हे गुरू स्वतःची बाही वर करून सर्वांच्या आधी पुढे येतील का, हेही पाहावे. १८९७ साली मुंबईत एका वीस वर्षांच्या तरुणाने तेवढे केले होते, आणि त्या वेळी त्याच्या हाती ना वृत्तपत्र होते ना रेडिओ.